अण्णांचा हात थरथरायच्या वीस वर्षं आधी

गेल्या आठवड्यात कर्वेनगरला आईकडे माळा आवरत होते, त्यात अण्णांच्या हिशोबाच्या डायऱ्या सापडल्या. कंपनीकडून दर दिवाळीला एक डायरी मिळायची आणि अण्णा तिच्यात दूध, पेपर, सिलेंडर, इस्त्रीवाला असं सगळं लिहायचे. २००८ ची डायरी उघडली तर टपोरं गोल अक्षर, लांबून वाचता येईल असं. २०१३ ची उघडली तर ओळ सुरू होते ठीकठाक आणि 'इस्त्री'पर्यंत येईतो अक्षर मुंगीएवढं. आकडे तर भिंगाखाली धरावेत असे. मला चांगलं आठवतंय, आम्ही तेव्हा चेष्टा करायचो, अण्णा आता शाई पण वाचवायला लागले म्हणून. सदाशिव पेठेत जन्म गेलेला माणूस, कोणाला संशय येणार?

पार्किन्सन्स आहे हे कळलं २०१६ ला. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी, जपमाळ ओढल्यासारखी हलायला लागली तेव्हा.

मी बँकेत आहे, कर्जाच्या फायली बघते, डॉक्टर वगैरे काही नाही हे आधीच सांगून टाकते. पण आठ-नऊ वर्षं हा आजार घरात राहायला आल्यावर माणूस वाचतो, विचारतो, डॉक्टरांना पिडतो, आणि हळूहळू आपल्याला सुरुवातीला जे सांगितलं होतं ते किती तोकडं होतं हे लक्षात यायला लागतं. चुकीचं नव्हतं हां, तोकडं होतं.

सुरुवातीला सांगितलं होतं ते असं. मेंदूत खाली एक छोटा काळा भाग असतो, सबस्टॅन्शिया नायग्रा, तिथल्या पेशी डोपामाइन बनवतात, त्या मरतात, डोपामाइन कमी पडतं म्हणून हालचाल मंदावते, हात थरथरतो, अंग कडक होतं. मग काय करायचं तर गोळीतून डोपामाइनचा कच्चा माल द्यायचा. पेट्रोल संपलंय, पेट्रोल भरा. ऐकायला इतकं सरळ वाटलं की मी आईला म्हटलं सुद्धा, अगं डायबेटीससारखंच आहे, गोळी घ्यायची आणि चालायचं.

मग एक दिवस न्यूरॉलॉजिस्टनी सहज विचारलं, "झोपेत ओरडतात का? हातपाय झाडतात का?" आई आणि मी एकमेकींकडे बघायलाच लागलो. कारण हा आमच्या घरातला पेटंट जोक होता. १९९६-९७ पासून अण्णा रात्री झोपेत कोणाशी तरी भांडायचे, लाथा मारायचे, एकदा तर बाजूच्या टेबलावरचा तांब्या उडवला होता. आई कंटाळून बाहेरच्या दिवाणावर झोपायला लागली आणि पाहुण्यांना सांगायची, अहो ह्यांची रात्री कुस्ती असते. तर त्याला आरबीडी म्हणतात. स्वप्न पडताना शरीर लुळं ठेवायची जी सोय मेंदूच्या देठात असते ती बिघडते आणि माणूस स्वप्न करून दाखवायला लागतो. ज्यांना हे असतं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना पुढे दहा-पंधरा वर्षांत पार्किन्सन्स किंवा त्याच्या भावकीतला एखादा आजार होतो.

पुढचा प्रश्न, वास येतो का? नाही. रिटायर झाल्यावर एकदा आई देवळात गेलेली, ओट्यावर दूध करपून पातेलं काळं झालं, शेजारच्या काकू पळत आल्या आणि अण्णा हॉलमध्ये शांतपणे पेपर वाचत बसलेले. पुढचा प्रश्न, पोट साफ होतं का? आता काय सांगायचं, इसबगोलचं मोठं पाकीट आमच्या किराण्याच्या यादीत साखरेच्या आधी यायचं, मी कॉलेजात असल्यापासून.

म्हणजे आजार २०१६ ला आला नव्हताच. आमच्याकडे बँकेत नव्वद दिवस हप्ता थकला की खातं एनपीए होतं, पण म्हणून ते खातं एक्क्याण्णवाव्या दिवशी बुडालं असं कोणी म्हणत नाही, धंदा आधीच कधीतरी बसलेला असतो, आपल्याला तारीख तेवढी नंतरची दिसते. हात थरथरणं ही ती एनपीएची तारीख. तोपर्यंत त्या काळ्या भागातल्या निम्म्याच्या आसपास किंवा जास्तच पेशी गेलेल्या असतात.

आणि ह्याला इतिहास पण आहे गंमतशीर. जेम्स पार्किन्सन हा लंडनचा डॉक्टर, त्याने १८१७ मध्ये ह्या थरथरत्या लकव्यावर निबंध लिहिला, त्यात पेशंट फक्त सहा, आणि त्यातले काही तर त्याने नुसते रस्त्यावर पाहिलेले! म्हणजे लकडी पुलावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांची चाल बघायची आणि आजाराचं वर्णन लिहायचं, तसं. वर्णन भन्नाट अचूक आहे, वादच नाही. बद्धकोष्ठ आणि बिघडलेली झोप पण त्याने नोंदवली, पण भर राहिला तो रस्त्यावरून जे दिसतं त्यावरच. वास गेलेलं नाक रस्त्यावरून कुठे दिसणार. बुद्धी आणि संवेदना शाबूत राहतात असंही त्याने लिहून ठेवलं, आणि पुढे दीडशे-दोनशे वर्षं सगळे त्या थरथरणाऱ्या हाताकडेच बघत राहिले. मला वाटतं घोळ तिथेच आहे. आजाराला नाव पडलं ते बाहेरून दिसणाऱ्या गोष्टीवरून, आणि औषधं शोधली गेली ती पण बाहेरून दिसणारी गोष्ट थांबवायला.

२००३ मध्ये हायको ब्राक ह्या जर्मन शरीररचनातज्ज्ञाने मेलेल्या माणसांचे मेंदू कापून बघितले आणि एक वेगळीच गोष्ट मांडली. ह्या आजारात पेशींमध्ये अल्फा-सिन्युक्लिन नावाच्या प्रोटीनच्या गुठळ्या होतात, त्यांना ल्युई बॉडी म्हणतात. ब्राकचं म्हणणं, ह्या गुठळ्या आधी त्या काळ्या भागात येतच नाहीत, त्या आधी दिसतात वासाच्या केंद्रात आणि मेंदूच्या देठात खाली, जिथे पोटाकडून येणारी व्हेगस नर्व्ह पोचते, आणि तिथून जिना चढल्यासारख्या वर वर जातात. म्हणजे आजार कदाचित नाकातून किंवा आतड्यातून सुरू होत असेल. डेन्मार्कमध्ये पूर्वी अल्सरसाठी ही व्हेगस नर्व्ह कापायचं ऑपरेशन व्हायचं, त्या लोकांचं जुनं रेकॉर्ड २०१५ मध्ये काढून बघितलं तर ज्यांची नस पूर्ण कापली होती त्यांच्यात पुढे पार्किन्सन्स कमी निघाला. आणि २००८ मध्ये तर अजून विचित्र गोष्ट बाहेर आली, ज्या पेशंटच्या मेंदूत गर्भाच्या ताज्या पेशी बसवल्या होत्या त्यांच्या मृत्यूनंतर बघितलं तर दहा-पंधरा वर्षांत त्या नव्या कोऱ्या पेशींमध्येसुद्धा गुठळ्या झाल्या होत्या. नव्या भाडेकरूला जुन्या घराची ओल लागावी तशी.

हे वाचून मी फार एक्साईट झाले होते, पोट पोट करत घरभर फिरत होते, ताक प्या, ढोकळा नको. पण मग कळलं की सगळ्यांचं असं नसतं. काहींचा आजार शरीरातून वर जातो, अण्णांसारखा, झोप-पोट-नाक आधी आणि हात नंतर. काहींचा मेंदूतच सुरू होतो, त्यांना वास मस्त येतो, झोप गाढ, आणि एकदम हातच हलायला लागतो. काहींना तर थरथर आयुष्यभर येत नाही, नुसता कडकपणा. २०२३ मध्ये पाठीच्या पाण्यातून ह्या गुठळ्यांचं बी शोधायची टेस्ट मोठ्या प्रमाणावर करून बघितली, तर ज्यांचा वास गेलाय त्यांच्यात ती जवळजवळ सगळ्यांना पॉझिटिव्ह, पण एलआरआरके२ ह्या जीनमुळे ज्यांना आजार झाला त्यांच्यातल्या साधारण एक तृतीयांश लोकांत निगेटिव्ह. म्हणजे चाल तीच, हात तसाच, गोळी तीच, आणि आत गुठळीच नाही! मग हा एक आजार कसा म्हणायचा? आपण 'ताप' म्हणतो तसं आहे हे. ताप डेंग्यूचा पण, टायफॉईडचा पण, आणि क्रोसिन सगळ्यांनाच बरं वाटवतं.

माझ्या मावशीचं तर अजूनच वेगळं. तिला पण हात थरथर, चाल बारीक, चेहरा मख्ख, घरात सगळ्यांनी मान हलवली की आता हिला पण. निघालं काय, तर अॅसिडिटीसाठी एका डॉक्टरनी लिहून दिलेली कॅप्सूल ती सात-आठ महिने स्वतःच मेडिकलमधून आणून घेत होती आणि त्यात अॅसिडिटीच्या औषधाबरोबर लेव्होसल्पिराइड होतं. ते डोपामाइनची कुलपं अडवून ठेवतं. बंद केल्यावर चार महिन्यांत मावशी पुन्हा भाजी चिरायला लागली. त्यामुळे मी आता ज्याला त्याला सांगत सुटते, हात थरथरतोय तर आधी घरातला औषधांचा डबा टेबलावर ओता आणि डॉक्टरांना दाखवा. उलटीच्या, चक्करच्या, अॅसिडिटीच्या गोळ्या आधी.

आता गोळीबद्दल. मी गोळीच्या विरोधात अजिबात नाही हां, कोणी तसा अर्थ काढू नका. ह्या गोळीची गोष्ट तर आपल्या मातीतून सुरू होते. सर्पगंधा माहितीये ना, तिच्यातून रेसरपिन काढलं, ब्लडप्रेशरवर वापरायचे. १९५०च्या दशकात स्वीडनमध्ये आर्विद कार्लसनने सशांना रेसरपिन टोचलं, ससे कान पाडून गप्प पडून राहिले, मग त्यांना लेव्होडोपा, म्हणजे तोच डोपामाइनचा कच्चा माल, दिलं तर थोड्या वेळात टुणटुणीत. तिथून धागा लागला की हालचालीला डोपामाइन लागतं. २००० मध्ये त्याला नोबेल मिळालं. १९६७ मध्ये कॉट्झियास ह्या डॉक्टरने पेशंटना तोंडावाटे थोडं थोडं वाढवत लेव्होडोपा देऊन दाखवलं आणि खुर्चीत थिजलेली माणसं उठून चालायला लागली. पन्नासपेक्षा जास्त वर्षं झाली, अजून त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही. अण्णांची सिन्डोपाची, म्हणजे लेव्होडोपाचीच, पहिली अर्धी गोळी लागू पडली त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या शर्टाची बटणं स्वतः लावली, आई बाथरूममध्ये जाऊन रडली.

पण गोळी ही गुठळीला काही करत नाही, पेशी मरायच्या थांबत नाहीत, आणि ती कशी घ्यायची हे आम्हाला दीड वर्षं कोणी धड सांगितलं नव्हतं. आई प्रेमाने गोळी दुधाबरोबर द्यायची, किंवा जेवणाच्या मध्ये, वरणभात-दही चालू असताना. आणि अण्णा कधी तासाभरात मोकळे व्हायचे तर कधी दोन दोन तास लाकडासारखे. आम्ही म्हणायचो आजार वाढला. डॉक्टर डोस वाढवायचे. मग एका फिजिओने विचारलं, गोळी कशाबरोबर घेता? लेव्होडोपा आतड्यातून आत आणि रक्तातून मेंदूत जातं ते प्रोटीनच्या तुकड्यांच्याच दारातून. दार एक, गर्दी मोठी, डाळ-दूध आधी घुसतं, गोळी रांगेत. त्यात बद्धकोष्ठ, पोट हळू रिकामं होणारं, गोळी जठरातच बसून राहते. मग आम्ही जेवणाआधी अर्धा-पाऊण तास नुसत्या पाण्याबरोबर गोळी सुरू केली, फोनवर चार अलार्म लावले, पोटाकडे नीट लक्ष दिलं. पंधरा दिवसांत फरक. डोस डॉक्टरांनी उलटा कमी केला! म्हणजे ज्याला आम्ही आजार वाढला म्हणत होतो ते दुधाचा कप होता.

ह्याच्यात एक राडा पण झाला, तोही सांगते. आमच्या एका काकांनी कवचबीज चूर्ण आणून दिलं. खाजकुइलीच्या बिया, आयुर्वेदात कंपवातासाठी वापरतात, आणि गंमत म्हणजे त्यात खरंच लेव्होडोपा असतं, १९३७ मध्येच भारतीय शास्त्रज्ञांनी ते त्या बियांतून वेगळं काढलं होतं. त्यामुळे थोतांड नाहीये ते. पण काकांचं म्हणणं, नैसर्गिक आहे, साईड इफेक्ट नाही. अण्णांनी आम्हाला न सांगता गोळीबरोबर रोज दोन चमचे सुरू केले. पाचव्या दिवशी मान आणि खांदे वेटोळे घातल्यासारखे हलायला लागले, थांबेनात, शिवाय उलट्या. अहो ते तेच औषध, डबल झालं, आणि कुठल्या पुडीत किती हे कोणालाच माहीत नाही. न्यूरॉलॉजिस्ट ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, "घ्यायचं तर मला सांगून घ्या, मी तेवढी गोळी कमी करेन." अण्णा खाली मान घालून बसलेले, शाळेत पकडल्यासारखे.

मग मुळावर घाव घालणारं औषध कधी? प्रयत्न चाललेत. गुठळ्या उचलून नेतील अशा दोन अँटिबॉडी माणसांवर तपासल्या, २०२२ मध्ये निकाल आले, दोन्ही मुख्य कसोटीत नापास. डायबेटीसचं एक्सेनाटाइड छोट्या ट्रायलमध्ये छान दिसलं होतं, २०२५ मध्ये मोठ्या ट्रायलचा निकाल आला, दोन वर्षांनी काही फरक नाही. मी त्या दिवशी ऑफिसमध्ये डबा तसाच परत आणला. पण नंतर विचार केला तर, आपण निम्म्या पेशी गेलेल्या माणसांना घेतो, त्यात पोटवाले, मेंदूवाले, जीनवाले सगळे एकाच पोत्यात भरतो आणि सगळ्यांना एकच औषध देऊन सरासरी काढतो, मग सरासरीत काय दिसणार? आता संशोधक आजाराची व्याख्याच बदलायला निघालेत, थरथरीवरून नाही तर आत गुठळी आहे का, जीन कुठलं, ह्यावरून. २०२४ मध्ये तसे दोन प्रस्ताव आले. मला ते पटतं. झोपेत लाथा मारणाऱ्या पन्नाशीच्या माणसापासून सुरुवात करा ना, दिवाणावर झोपायला गेलेल्या बायकांना विचारा.

आणि कारण? इथे मी जरा अडखळते. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी पोरं रातोरात पुतळ्यासारखी थिजली, चोरून बनवलेल्या नशेच्या मालात एमपीटीपी नावाचं रसायन तयार झालं होतं आणि ते नेमकं त्याच काळ्या भागातल्या पेशींचं पॉवरहाऊस बंद पाडायचं. म्हणजे बाहेरचं रसायन हे करू शकतं हे तेव्हा कळलं. पॅराक्वाट हे तणनाशक त्याच्याच घडणीचं, युरोपात २००७ पासून बंद, आपल्याकडे चालू. जगात १९९० मध्ये साधारण २५ लाख पेशंट होते, २०१६ मध्ये ६१ लाख, नुसतं आयुष्य वाढलं म्हणून एवढे वाढत नाहीत. आणि २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कॅम्प लेज्यून ह्या लष्करी तळावरच्या सैनिकांचा अभ्यास आला, तिथल्या पिण्याच्या पाण्यात ट्रायक्लोरोइथिलिन मिसळलं होतं, त्या सैनिकांना दुसऱ्या तळावरच्या सैनिकांपेक्षा पार्किन्सन्सचा धोका ७० टक्के जास्त.

ट्रायक्लोरोइथिलिन हे नाव वाचलं आणि मी तसाच फोन लावला. "अण्णा, भोसरीला कारखान्यात तुम्ही पार्ट कशाने धुवायचात?"

"ट्रायक्लोरोने," अण्णा म्हणाले, लगेच, वाणसामान सांगावं तसं. "टँक होता ना मोठा. खाली गरम व्हायचं, वाफ वर यायची, जाळीत पार्ट घालून सोडायचे की ग्रीस साफ. आम्ही हात पण त्यानेच धुवायचो शिफ्ट सुटताना. गोडसर वास असायचा."

आई मागून ओरडली, "शर्टाला यायचा तो वास. मी दोनदा धुवायचे."

दहा वर्षं होते ते त्या टँकवर, साधारण १९७५ ते ८५. मग इन्स्पेक्शनला गेले. अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये त्या रसायनावर बंदीचा नियम काढला, पण माझ्या डोळ्यासमोर तो टँक आणि बाविशी-पंचविशीतले अण्णा, बाह्या दुमडून. मी दोन रात्री नीट झोपले नाही. वाटलं सापडलं. कारण सापडलं, आता कोणावर तरी राग काढता येईल.

अण्णांनीच माझा तो फुगा फोडला. त्यांनी डायरी काढली, फोन नंबरची वेगळी, आणि टँकवरच्या जुन्या लोकांना फोन लावायला बसले. आवाज हल्ली बारीक झालाय त्यामुळे स्पीकर लावून मी शेजारी. एक जण हार्टने गेलेले. एकाचा नंबर लागेना. आणि तिसरे काका, आता शहात्तर वर्षांचे, चिखलीला राहतात, टँकवर अण्णांपेक्षा पाच वर्षं जास्त काढलेली, ते म्हणाले मला काय धाड भरलीये, रोज सकाळी सायकलने इंद्रायणीपर्यंत जाऊन येतो.

"मग मलाच कसं काय रे?" अण्णा म्हणाले.

"तू हात जास्त घासायचास," काका म्हणाले आणि दोघं हसायला लागले.

आता काय म्हणायचं ह्याला. जीन असेल, टँक असेल, दोन्ही मिळून असेल, एकाला काडी लागते आणि दुसऱ्याचं सरपण ओलं असतं. मी ती फाईल माझ्यापुरती 'प्रलंबित' अशी ठेवलीये.

तोवर घरात जे चालतं ते चालू आहे. रोज संध्याकाळी कॅनॉल रोडवर धाप लागेल एवढं चालणं, व्यायामाचा फायदा बऱ्याच ट्रायल्समध्ये दिसलाय आणि गोळीसारखा त्याला दुधाचा प्रॉब्लेम नाही. महिन्याला पार्किन्सन्स मित्रमंडळाची सभा, मराठीत, तिथे मला डॉक्टरांकडून कळलं नाही ते एका आजींकडून कळलं. आणि उंबऱ्याशी अण्णांचे पाय जमिनीला चिकटायचे, पाऊलच उचलायचं नाही, त्यावर फिजिओने सांगितलं जमिनीवर आडव्या रेघा मारा, डोळ्याला दिसणारी रेघ ओलांडायला मेंदू दुसरी वाट वापरतो. आईने पहिले चार दिवस रांगोळीच्या रेघा मारल्या. अण्णा ओलांडायचे खरे पण चपलेने अर्धी रांगोळी हॉलभर. मग तिने पांढरा ऑइलपेंट आणला आणि बेडरूमपासून संडासापर्यंत वीतभर अंतराने पट्टे ओढले, सोसायटीतले लोक विचारतात, घरात झेब्रा क्रॉसिंग का?

चिखलीचे काका परवा रविवारी आले होते, सायकलने नाही, पीएमपीने. चहा झाला. आईने अण्णांचा कप नेहमीसारखा अर्धा भरला तर काकांनी स्वतःचा कप पुढे केला, म्हणाले वहिनी, माझा पण अर्धाच, दोनदा भरा. चार वाजता अलार्म वाजला. अण्णांनी गोळी पाण्याबरोबर घेतली आणि काका विचारत होते, ही कशाची रे, आणि अण्णा त्यांना सर्पगंधेच्या सशांपासून सगळं सांगायला बसले.